कापलेले ३८ सेकंद

माझ्या हार्ड डिस्कवर ३८ सेकंदांची एक क्लिप आहे. जूनमधली सकाळ, चामटोलीच्या बाहेरची एक पायवाट, समोरून डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या एक काकी. मी कॅमेऱ्यामागून विचारतो, ‘‘काकी, ओढ्याकडे हीच वाट ना?’’ त्या थांबतात, माझ्याकडे आणि मग कॅमेऱ्याकडे बघतात. ‘‘हीच. कुनाचा रं तू?’’ मी म्हणतो, ‘‘बिल्डिंगमध्ये राहतो, स्टेशन रोडच्या बाजूला.’’ त्या मान हलवतात. मग मोळी न उतरवता डोंगराकडे हात करतात. ‘‘वर कालं दिसलं तर पान्यात उतरू नको. हितं ऊन असलं तरी वरून पानी येतं. एकदम येतं.’’ आणि निघून जातात.

हे ३८ सेकंद मी व्हिडिओतून कापले. ते का कापले हे तपासायला बसलो, आणि तपासता तपासता मी गेली चार वर्षं हौसेने बनवत असलेल्या आणि त्याहून जास्त वर्षं पाहत असलेल्या प्रवासाच्या व्हिडिओंकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावं लागलं. कविता-कादंबरीची समीक्षा होते, सिनेमाची होते. आपण रोज लोकलमध्ये उभ्याने जे पाहतो त्याची मात्र कुणी करत नाही. ‘भारी आहे रे’ किंवा ‘फेक आहे’ यापलीकडे आपली चर्चा जात नाही. म्हणून हा प्रयत्न, आणि सुरुवात माझ्याच व्हिडिओपासून.

त्या व्हिडिओचं नाव मी ठेवलं होतं, ‘मुंबईपासून फक्त दोन तासांवर! कुणालाच माहीत नसलेला धबधबा’. नावात दोन विधानं आहेत. पहिलं, हे ठिकाण मुंबईपासून दोन तासांवर आहे. बदलापूर स्टेशन सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे, त्यापुढे रिक्षा आणि चालणं, म्हणजे हिशेब बरोबर आहे. पण मोजपट्टीचं टोक मुंबईत धरलेलं आहे. ओढा वाडीपासून वीस मिनिटांवर आहे असं मी लिहिलं नाही. दुसरं विधान, हे कुणालाच माहीत नाही. ज्या बाईने मला वाट दाखवली तिला ते माहीत होतं. तिच्या गुरांना माहीत होतं. ‘कुणालाच’ या शब्दात ती बसत नव्हती, आणि ती फ्रेममध्ये राहिली असती तर माझं शीर्षक तिथल्या तिथे खोटं ठरलं असतं. तिला कापण्याचं पहिलं कारण इथेच सापडतं.

आता आतली रचना बघा. तुम्ही असे शंभर व्हिडिओ पाहिले असतील, त्यामुळे ओळखीची वाटेल. पहिले दहा सेकंद शेवटचेच असतात. धबधबा, ड्रोनमधून, हळू होत जाणारा. मग ‘पण इथे पोहोचणं सोपं नव्हतं’ असं एक वाक्य. मग पहाटेचा अलार्म, बूट बांधणारे हात, लोकलची खिडकी, वडापाव. मग चालणारे पाय. मग संगीत चढतं आणि पुन्हा तोच धबधबा. शेवटी मी दगडावर बसून सांगतो की शहराच्या धावपळीत आपण स्वतःला विसरतो. मग सबस्क्राईब करा.

यात खोटं असं काही नाही. मी खरंच पहाटे उठलो होतो. वडापाव खराच होता. तरी या रचनेत एक गोष्ट अशक्य होऊन बसते. बघणाऱ्याला सुरुवातीलाच शेवट माहीत असतो, आणि बनवणाऱ्याला तो एडिट करताना माहीत असतो, त्यामुळे मधे जे काही घडतं ते ‘तिथे पोहोचेपर्यंतचं’ होऊन जातं. वाट चुकली, तर ती गंमत म्हणून दहा सेकंद. कुणी भेटलं, तर ‘गावातले लोक किती साधे’ म्हणून पाच सेकंद, तेही हसतानाचे. काही तरी सांगणारा माणूस या चौकटीत मावत नाही. तो सांगायला लागला की व्हिडिओ थांबतो.

हे दिसतं तेवढं जुनं नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचे हलते चित्रपट पहिल्यांदा दाखवले गेले, आणि त्यांत स्टेशनात येणाऱ्या आगगाडीचं दृश्य होतं. त्याच्या बरोब्बर ४० वर्षं आधी, १८५६ साली, कल्याणहून पळसदरीकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला होता. तोच मार्ग आज चामटोलीला लागून जातो. वॉटसनमधल्या दृश्यात कॅमेरा फलाटावर उभा आहे. गाडी येते, थांबते, लोक चढतात-उतरतात. कुणी हिरो नाही, कुणी ‘हाय गाईज’ म्हणत नाही. पुढे एक-दोन वर्षांतच युरोप-अमेरिकेत इंजिनाच्या पुढच्या टोकाला कॅमेरा बसवून चित्रीकरण सुरू झालं. बघणाऱ्याला वाटायचं की आपणच अधांतरी रुळांवरून चाललोय. त्यांना ‘फँटम राइड’ म्हणत, भुताची सफर. आज हेल्मेटवर गोप्रो लावून माळशेज घाट उतरणारा मुलगा त्याच घराण्यातला आहे. या जातीच्या चित्रात रस्ता दिसतो, पण रस्त्यावरचं कुणी आपल्याशी बोलू शकत नाही. भुताशी कोण बोलणार?

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओसुद्धा एका अर्थी सहलीचाच आहे. २३ एप्रिल २००५ ला जावेद करीम या सहसंस्थापकाने सॅन दिएगोच्या प्राणीसंग्रहालयात हत्तींसमोर उभं राहून १९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला. हत्तींच्या सोंडा लांब आहेत, आणि सांगण्यासारखं एवढंच, अशा अर्थाचं तो काहीतरी बोलतो आणि संपतं. मला तो व्हिडिओ आवडतो. त्याला काही सिद्ध करायचं नाही. हौस म्हणतात ती हीच.

मग हौसेला ही चौकट कुणी घातली? इथे माझा रोजचा धंदा थोडा उपयोगी पडतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो की जे मोजाल तेच वाढेल. २०१२ मध्ये यूट्यूबने व्हिडिओ सुचवताना नुसते व्ह्यूज मोजणं मागे टाकून लोक किती वेळ बघतात याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. फसव्या थंबनेलवर क्लिक करून लगेच पळणाऱ्यांची संख्या फुगायची, तिला आळा बसावा. पण त्यामुळे प्रत्येक हौशी माणसाला एक आलेख महत्त्वाचा वाटू लागला. आपल्या व्हिडिओच्या कोणत्या सेकंदाला किती जण अजून बघतायत, याची उतरती रेघ. २०१८ मध्ये कमाई सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहणं अशी अट आली, म्हणजे ही रेघ ज्याला फक्त हौस आहे त्यालाही एक दार दाखवत राहते. दार समोर दिसत असलं की माणूस त्या दिशेने चालायला लागतो. कुणी ढकलावं लागत नाही.

मी ती रेघ पाहून शिकलो. आधीच्या व्हिडिओंमध्ये जिथे जिथे मी कुणाशी बोलत होतो, तिथे तिथे रेघ खाली येत होती. का ते उघड आहे. गावातला माणूस बोलतो तेव्हा वारा माईकमध्ये शिरतो, तो पाठ फिरवून बोलतो, मधेच तिसराच विषय काढतो, ‘कुनाचा रं तू’ विचारतो. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून पाहणारा माणूस अंगठा वर सरकवतो. त्याचा दोष नाही. म्हणून मी काकींना कापलं. रेघ सपाट राहिली. व्हिडिओ ४१ हजार जणांनी पाहिला. त्याआधी माझा एकही व्हिडिओ ५०० च्या पुढे गेला नव्हता.

आता चामटोलीच्याच दुसऱ्या व्हिडिओंकडे येतो. ते कुणी प्रवासाचे व्हिडिओ म्हणून बनवले नव्हते, पण माझ्या मते आमच्या गावात तयार झालेले ते सर्वांत खरे प्रवासाचे व्हिडिओ आहेत.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान चामटोलीजवळ पुरात अडकली. उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं आणि गाडी जागेवर थांबली. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते. २७ तारखेला एनडीआरएफच्या बोटी, नौदल, पोलीस, अग्निशमन दल आणि गावातले लोक असे सगळे मिळून प्रवाशांना बाहेर काढत होते. त्यांत नऊ गरोदर बायका होत्या. सगळे सुखरूप निघाले आणि पुढे कल्याणहून विशेष गाडीने कोल्हापूरकडे गेले. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि याच बिल्डिंगमध्ये राहत होतो. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जे घडत होतं ते मी पहिल्यांदा पाहिलं फोनवर, कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या क्लिपमध्ये.

त्या क्लिप आठवून बघा. फोन उभा धरलेला. खिडकीच्या गजांतून दिसणारं तांबडं पाणी, दोन्ही बाजूंना, क्षितिजापर्यंत. हात हलतोय. मागे लहान मूल रडतंय. बोलणारा स्वतःचा चेहरा दाखवत नाही, तो पाणी दाखवतो, डबा दाखवतो, आणि सांगतो की आम्ही किती तासांपासून इथे आहोत, मदत पाठवा. त्याला शेवट माहीत नाही. तो ज्या गावाजवळ थांबलाय त्याचं नावही त्याला कदाचित माहीत नाही. तरी त्या गावातलं कुणीतरी येईल यावर त्याची सगळी भिस्त आहे.

मला समीक्षेसाठी जो निकष हवा होता तो या क्लिपनी दिला. प्रवासात माणूस दुसऱ्यावर अवलंबून असतो. वाट विचारावी लागते, पाणी मागावं लागतं, कुणाच्या ओसरीवर पाऊस जाईपर्यंत बसावं लागतं. हे अवलंबून असणं ज्या व्हिडिओत शिल्लक राहतं तो प्रवासाचा व्हिडिओ. ते कापून टाकलं की उरतं ते ठिकाण, आणि ठिकाणाचा व्हिडिओ आणि फ्लॅटच्या जाहिरातीचा व्हिडिओ यांत तांत्रिकदृष्ट्या फार फरक नसतो. आमच्या बदलापूरच्या बिल्डरांच्या जाहिरातीसुद्धा ड्रोनने डोंगर दाखवूनच सुरू होतात.

हा निकष मी आज शोधला असं नाही. मराठीत प्रवासाचं सांगणं सुरू होतं तेच याच्यापासून. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत निघाले ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरात कर्ज होतं, आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा मिळेल, अशी बातमी होती. वाटेत महूजवळ त्यांना कळलं की शिपाई उठले आहेत. तिथून त्यांचा बेत त्यांच्या हातात राहिला नाही. ग्वाल्हेर, झाशीचा वेढा, लूट, उपास, ओळखी-अनोळखी लोकांच्या घरचा आसरा. परत आले ते गंगेची कावड घेऊन, आणि जवळ पैसा जवळपास नव्हता. बऱ्याच वर्षांनी त्यांनी ते लिहून काढलं आणि चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ छापलं. त्यातला भटजी कुठेही शूर दिसायची खटपट करत नाही. कुणी जेवायला घातलं, कुणी लुटलं, कुणी सल्ला दिला, हे तो नोंदवत जातो, कारण त्याच्या जिवाचा हिशेब त्या माणसांच्या हाती होता. तो हिशेब नीट मांडलाय म्हणून ते पुस्तक आजही वाचवतं.

पुढच्या मराठी प्रवासवर्णनात हे थोडं बदललं. विसाव्या शतकात बोटीने आणि मग विमानाने जाणारे लेखक आले. मजा वाढली, निरीक्षण वाढलं, विनोद आला. पण परदेशी जाऊ शकणारा लेखक आणि जाऊ न शकणारा वाचक असं एक अंतरही आलं. ‘मी पाहिलं, तुम्हाला सांगतो.’ मोबाइलने हे अंतर पुसलं, ही प्रवासाच्या व्हिडिओंची सगळ्यांत मोठी कमाई आहे आणि ती मला मुळीच नाकारायची नाही. आज रिक्षा चालवणारा मुलगा आठवड्याच्या सुट्टीत हरिश्चंद्रगडाला जातो आणि त्याचा व्हिडिओ त्याच्या आजीच्या फोनवर पोहोचतो. प्रकाशक लागत नाही, प्रमाणभाषा लागत नाही. मालवणी, आगरी, अहिराणी, वऱ्हाडी या बोलींत प्रवासाबद्दल एवढं बोलणं रेकॉर्ड झाल्याचं याआधी कधी घडलं असेल असं मला वाटत नाही.

म्हणूनच जे नीट करतात त्यांच्याकडे बघायला हवं. सिंधुदुर्गातले प्रसाद गावडे ‘कोकणी रानमाणूस’ या नावाने व्हिडिओ करतात. त्यांच्याकडे झरा हा नुसता झरा नसतो. त्याचं पाणी कोणत्या वाडीला जातं, वरचं रान तुटलं तर काय होईल, आज जेवणात कोणती रानभाजी आहे आणि ती कुणी आणली, हे त्याला चिकटून येतं. जागा आणि माणूस वेगळे करता येत नाहीत, कारण बोलणारा स्वतः तिथला आहे आणि ती जागा गेली तर त्याचं काहीतरी जाणार आहे. कधी कधी त्यांचा सूर भाषणाकडे झुकतो, आणि तेव्हा कॅमेऱ्यासमोरचं रान थोडं मागे पडतं, असं मला वाटतं. पण पर्यटन कशाला म्हणायचं हा वाद त्यांनी व्हिडिओच्या आत आणला, हे मोठं काम आहे.

मुक्ता नार्वेकर यांची तऱ्हा वेगळी. त्या बाहेरून जाणाऱ्या आहेत आणि ते लपवत नाहीत. सावकाश, लिहून काढल्यासारखं मराठी निवेदन, एकटीचा प्रवास, आणि जिथे मुक्काम तिथल्या घराकडे, चुलीकडे, जेवणाकडे वळणारा कॅमेरा. पाहुणी म्हणून आलेली व्यक्ती यजमानाकडे जसं बघेल तसं त्यांचं बघणं असतं. माझी तक्रार एवढीच की त्यांच्या व्हिडिओतला गोडवा कधी कधी सगळीकडे सारखा पसरतो. मागचं संगीत आणि सुंदर वाक्यं मिळून गावातलं न जुळणारं काही असेल तर तेही जुळवून घेतात. तरीसुद्धा त्यांचा व्हिडिओ संपल्यावर मला ठिकाणाआधी माणूस आठवतो. माझ्या ४१ हजारवाल्या व्हिडिओबद्दल असं कुणी म्हणणार नाही. त्यात माणूस म्हणून फक्त मी आहे.

आता एक आक्षेप. माझ्या मित्रांनी तो घेतलाच, आणि तो चुकीचा नाही. ‘अरे, ही हौस आहे. तू काय पत्रकार आहेस? रविवारी जाऊन चार शॉट घेतले, सोमवारी कामावर. त्यात एवढी जबाबदारी कुठून आणलीस?’ याचं उत्तर मला तर्काने देता येत नाही. काय झालं ते सांगता येतं.

व्हिडिओ टाकल्यानंतरच्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की ओढ्यात मुलं अडकलीत. मी गेलो तोवर वाडीतले पाच-सहा जण तिथे होते. पाचही मुलं मधल्या खडकावर उभी होती आणि दोन्ही बाजूंनी गढूळ पाणी धावत होतं. आमच्या डोक्यावर ऊन होतं. डोंगर मात्र काळा होता. गुरं बांधायचे दोर एकमेकांना जोडून, कमरेला बांधून, एक दादा पाण्यात उतरले. तासाभराने सगळी मुलं काठावर आली. एकाचा पाय कापला होता, बाकी काही नाही. एका मुलाचा फोन वाहून गेला होता आणि तो त्याच्यासाठी रडत होता. मी त्याला विचारलं, इथली वाट कशी सापडली? तो म्हणाला, ‘‘यूट्यूबवरून. लोकेशन होतं ना खाली.’’

त्यांनी वाट कुणाला विचारली नव्हती. विचारायची गरजच नव्हती, कारण मी नकाशातली खूण दिली होती. विचारली असती तर कुणीतरी डोंगराकडे हात केला असता. माझ्या व्हिडिओत जी सूचना होती ती मी काढून टाकली, आणि तिच्या जागी असं काहीतरी ठेवलं की ज्यामुळे ती सूचना देणारा माणूसही त्यांना भेटू नये. दोन्ही कामं माझीच, दोन्ही दहा मिनिटांत केलेली.

अशा गोष्टींचा शेवट नेहमी एवढा बरा होत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि काठावरून काढलेली ती क्लिप देशभर फिरली. त्यानंतर सुमारे पंधरवड्याने माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर प्रवासाचे व्हिडिओ करणारी मुंबईची एक तरुणी दरीत कोसळून गेली. आमच्याकडे कोंडेश्वरच्या डोहात बुडून इतके जीव गेलेत की पावसाळ्यात तिथे बंदीचे आदेश निघतात. बातम्यांखाली लोक लिहितात, ‘रीलच्या नादात’. मला ते पुरेसं वाटत नाही. नाद तर आपल्या सगळ्यांना आहे. पाणी कसं येतं हे ज्यांना माहीत आहे त्यांचं बोलणं आपल्या फ्रेमच्या बाहेर कसं गेलं, हा प्रश्न विचारायला हवा.

यावर एक सोपा उपाय सांगितला जातो. लोकेशन देऊ नका. काही ट्रेकर हे कटाक्षाने पाळतात आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मीही त्या संध्याकाळी खूण काढून टाकली. दोन दिवसांनी वाडीत गेलो, थोडं माफी मागितल्यासारखं बोललो, आणि वेगळंच ऐकलं. ज्या दादांनी दोर बांधला होता तेच म्हणाले, ‘‘येऊ दे की मानसं. पोरांनी गाड्या लावायला जागा केलीय, बायका भजी-चहा करतात. चार पैसे येतात. फकस्त इचारून जा म्हनावं.’’ म्हणजे जागा लपवून ठेवणं हीसुद्धा माझीच इच्छा होती. बिल्डिंगमधल्या माणसाला आपल्या मागचा ओढा शांत हवा असतो. वाडीला गिऱ्हाईक हवं आहे, आणि गिऱ्हाइकाने बोलावं एवढी अपेक्षा आहे. ‘इचारून जा’ या दोन शब्दांत माझ्या या सगळ्या लेखाचं म्हणणं आलं, आणि ते मला कुठल्याही समीक्षकाकडून मिळालं नव्हतं.

मग मी काकींना शोधलं. त्यांना ती क्लिप दाखवली. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून दोनदा पाहिली, साडी बरी दिसते का ते पाहिलं, आणि विचारलं, ‘‘मंग ही टाकली का नाय तवा?’’ मी म्हणालो, ‘‘व्हिडिओ लांब होत होता.’’ त्या काही बोलल्या नाहीत. टाकू का, असं मी विचारलं. ‘‘टाक,’’ म्हणाल्या.

व्हिडिओ नव्याने एडिट केला. शीर्षकातून ‘कुणालाच माहीत नसलेला’ काढलं. ड्रोनचा पहिला शॉट काढला. सुरुवात आता पायवाटेने होते, वारा माईकमध्ये शिरतो आणि काकी विचारतात, कुनाचा रं तू. ते पूर्ण ३८ सेकंद आहेत, उपशीर्षकांशिवाय, कारण बदलापूरच्या लोकलमध्ये बसणाऱ्या कुणालाही ते समजतं. नकाशातली खूण परत दिली, पण ओढ्याची नाही, वाडीच्या तोंडाशी जिथे गाड्या लावतात त्या जागेची. तिथून पुढे विचारावं लागेल.

जुना व्हिडिओ काढून टाकल्यामुळे ते ४१ हजार गेले. नव्याला हे लिहीपर्यंत ६१२ आहेत. रेघ पहिल्या चाळीस सेकंदांतच निम्म्याहून खाली येते. काकी डोंगराकडे हात करतात तेव्हा बरेच जण आधीच निघून गेलेले असतात. हा तोटा खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. ती सूचना पहिल्या पाच सेकंदांत आणून, मोठ्या लाल अक्षरांत, घंटेच्या आवाजासह टाकता येईल, असं ऑफिसमधल्या एकाने सुचवलं. कदाचित तेच बरोबर असेल. पण मग ती काकी राहणार नाही, पाटी होईल, आणि पाट्या कोंडेश्वरला आधीच आहेत.

मागच्या रविवारी मी पुन्हा त्या वाटेने गेलो, कॅमेरा न घेता. भज्यांच्या टपरीशी दोन कॉलेजची मुलं उभी होती आणि आतल्या बाईंना विचारत होती, ‘‘मावशी, आज जाऊ का पुढे?’’ मावशींनी कढईवरून मान वर करून डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘चार वाजेपर्यंत या परत.’’ त्यांनी माझा व्हिडिओ पाहिला होता की नाही, ते मी विचारलं नाही.